‘रुग्ण’ : नाम, पुल्लिंगी

व्याकरणाच्या तासाला ‘रुग्ण’ या शब्दाचे लिंग विचारले, तर विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता ‘पुल्लिंगी’ म्हणून सांगतात. रुग्ण बाई असेल तर ‘स्त्री-रुग्ण’ असा जोडशब्द करावा लागतो. ‘पुरुष-रुग्ण’ असे मात्र क्वचितच कोणी म्हणते. भाषेचा हा संकेत वरवर पाहता निरुपद्रवी वाटतो. परंतु हृदयरोगाच्या अडीचशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले, की असाच संकेत वैद्यकात शिरला म्हणजे काय घडते, हे ध्यानात येते. आम्ही साहित्याचे अध्यापक. वैद्यकाचा अधिकार आम्हांला नाही. तरीही हा इतिहास आम्हांला आपल्या विषयाबाहेरचा वाटत नाही.

लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली छातीतील एका विशिष्ट वेदनेवर निबंध वाचला. तो १७७२ साली छापून आला. ‘अँजायना पेक्टोरिस’ हे नाव त्यांनीच दिले. आपण पाहिलेल्या जवळजवळ शंभर रुग्णांत स्त्रिया अवघ्या तीन होत्या, अशी नोंद त्यांच्या मृत्यूनंतर १८०२ साली निघालेल्या ग्रंथात आहे. निरीक्षण प्रामाणिक होते. मात्र वैद्यापर्यंत कोणाची वेदना पोहोचते आणि कोणाची घरातच जिरते, हा प्रश्न त्या आकड्याला विचारता येत नाही.

पुढे १९४८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्यांत २,८७३ स्त्रिया होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. येथे हेबर्डन यांच्या निरीक्षणाला आधार मिळाला, पण त्याला मर्यादाही पडली. पाळी सुरू असलेल्या स्त्रियांत हृदयविकाराचा झटका अत्यंत विरळ. पाळी गेल्यानंतर मात्र धोका वाढत जातो. स्त्रीला हा रोग होत नाही असे नव्हे, तर तो सुमारे दहा वर्षे उशिरा येतो.

या विलंबाचे कारण रक्तात शोधले गेले. १९५१ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील मेदवाहक प्रथिनांची विभागणी करून पाहिली. आज ज्याला आपण एच.डी.एल. म्हणतो, तो अंश निरोगी तरुण स्त्रियांत अधिक आणि धमनीकाठिण्य झालेल्यांत कमी आढळला. पाळी थांबण्याच्या सुमारास स्त्रियांतील एल.डी.एल. वाढते, हेही पुढे स्पष्ट झाले. यावरून सरळ अनुमान निघाले : इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्त्रीच्या हृदयाचे रक्षण करीत असावे.

आता या इतिहासातील सर्वांत विलक्षण वळण येते. हे अनुमान मोठ्या प्रमाणावर पडताळून पाहताना इस्ट्रोजेन दिले गेले ते पुरुषांना! १९६६ साली सुरू झालेल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये झटका येऊन गेलेले ८,३४१ रुग्ण होते, सगळे पुरुष. त्यांतील इस्ट्रोजेनची मोठी मात्रा १९७० साली आणि लहान मात्रा १९७३ साली थांबवावी लागली, कारण लाभ दिसेना, उलट अपायाची चिन्हे दिसू लागली. १९८२ साली निष्कर्ष आलेल्या ‘मिस्टर फिट’ अशा बोलक्या लघुनामाच्या प्रयोगात १२,८६६ पुरुष होते. कोलेस्टेरॉल कमी केल्याने झटके कमी होतात हे १९८४ साली दाखवणाऱ्या प्रयोगात ३,८०६ पुरुष. मध्यम वयात पुरुषांना झटके अधिक येत असल्याने त्यांच्यावरचे प्रयोग लवकर निकाल देतात, हे कारण खोटे नव्हते. पण निवडीची सोय हळूहळू नियम बनते, आणि नियमाचे विस्मरण झाले की तोच निसर्ग वाटू लागतो.

हे विस्मरण मोडले ते एका कथेच्या आधाराने. आयझॅक बॅशेव्हिस सिंगर यांच्या कथेतील येंटल ही मुलगी धर्मग्रंथांच्या अध्ययनासाठी पुरुषवेष धारण करते. १९९१ साली हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडीन हीली यांनी ‘येंटल सिंड्रोम’ ही संज्ञा वापरली. आपला हृदयरोग पुरुषाच्या रोगासारखाच आहे, हे सिद्ध केल्यावरच स्त्रीला पुरुषासारखे उपचार मिळतात, असा त्यांचा आशय होता. १९९३ साली अमेरिकेत सरकारी निधीतून होणाऱ्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश कायद्याने आवश्यक झाला.

आणि स्त्रियांवर प्रयोग होताच जुने अनुमान डळमळले. १९९८ साली हृदयरोग असलेल्या, पाळी गेलेल्या २,७६३ स्त्रियांवरील प्रयोगाचा निकाल आला. संप्रेरके घेणाऱ्या गटात एल.डी.एल. घटले, एच.डी.एल. वाढले; तरी झटक्यांचे एकूण प्रमाण घटले नाही, पहिल्या वर्षी तर ते वाढले. २००२ साली १६,६०८ स्त्रियांवरील मोठा प्रयोग अपाय दिसल्याने मुदतीपूर्वी थांबवला गेला. २००६ साली एच.डी.एल. वाढवणाऱ्या टॉर्सेट्रॅपिब या औषधाने मृत्यू वाढलेले दिसले. एच.डी.एल. ही संरक्षणाची खूण होती. तिला संरक्षणाचे कारण समजणे ही चूक होती. एल.डी.एल.ची गोष्ट निराळी. २०१५ साली २७ प्रयोगांतील सुमारे १,७४,००० व्यक्तींच्या माहितीवरून, ते स्टॅटिनने कमी केल्यास समान धोका असलेल्या स्त्री-पुरुषांना सारखाच लाभ होतो, असे दिसले. म्हणजे भेद कोठे आहे आणि कोठे नाही, ही दोन्ही उत्तरे स्त्रियांना मोजल्यानंतरच मिळाली.

आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना जिना चढताना धाप लागे, मळमळे, जबडा आणि पाठ दुखे. छातीतही दडपल्यासारखे होते, पण ते त्यांनी सर्वांत शेवटी सांगितले. पित्त असेल, असे त्या म्हणाल्या, डॉक्टर म्हणाले, आम्हीही म्हणालो. निदान झाले ते अतिदक्षता विभागात. सुदैवाने त्या वाचल्या. आमच्याही मनात हृदयरोगी म्हणजे छातीवर मूठ दाबून धरलेला एक पुरुषच होता, हे त्यानंतर आम्हांला उमगले. ‘रुग्ण’ शब्दाचे लिंग आम्ही आजही पुल्लिंगी असेच शिकवतो. मात्र त्यानंतर थोडे थांबतो, आणि ‘स्त्री-रुग्ण’ हा शब्द का लागतो, असे वर्गाला विचारतो.