वगातला सावळ्या आणि पडद्यावरचा सावळ्या

देवळाली प्रवरा येथे मी शिकवतो. माझ्या विद्यार्थ्यांना 'गाढवाचं लग्न' म्हटले की २००७ चा चित्रपट आठवतो, मकरंद अनासपुरे यांचा सावळ्या कुंभार आठवतो. दादू इंदुरीकर हे नाव फार थोड्यांनी ऐकलेले असते. यात मुलांचा दोष नाही. प्रश्न असा आहे की, वगाचा चित्रपट होताना पडद्यावर काय येते आणि बोर्डावरच काय राहून जाते?

वग हरिभाऊ वडगावकरांचा. शापित गंधर्व गाढव होऊन कुंभाराच्या घरी येतो आणि राजकन्येशी लग्न लावतो. ही कथा पटकथेत सहज बसते. पण इंदुरीकरांचा सावळ्या आणि प्रभा शिवणेकरांची गंगी यांच्यासाठी कथा ही नुसती खुंटी होती. तिच्यावर हजरजबाबी बोलणे टांगायचे. सोंगाड्याची रीतच अशी की, ज्या गावी खेळ त्या गावचे उणेदुणे बतावणीत यायचे. तमाशा जगवला तो महार, मांग, कोल्हाटी अशा जातींनी. दिवसा ज्याला पाटलापुढे मान वर करण्याची सोय नव्हती, तो रात्री बोर्डावर इंद्राची, राजाची आणि ओघाने पाटलाचीही टिंगल करी. लोक हसत, पाटीलही हसे. त्याला हसावेच लागे!

हे बोलणे प्रस्थापितांना कधीच मानवले नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, ती उठवली तेव्हा संहिता तपासून घेण्याची अट आली. म्हणजे सोंगाड्याच्या जिभेला कागद आडवा आला. इंदुरीकरांना १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८० साली ते गेले.

तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा १९७१ साली चित्रपट झाला. तिथे पुस्तक आणि पडदा शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. वगाचे तसे नाही. छापील वग हाती आला तरी त्यात इंदुरीकर नसतात. अनासपुरे यांनी ग्रामीण बोलीला नायकपण दिले, हे मी कमी लेखत नाही. पण चित्रपटात शब्द एकदा ठरला की ठरला. देवळालीला आणि दादरला तोच विनोद. पडद्यावरचा सावळ्या समोरच्या पाटलाला ओळखत नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना वही देऊन गावातल्या म्हाताऱ्यांकडे पाठवतो. कथा नको, ती ठाऊक आहे. कोणत्या वाक्याला हशा पिकला आणि त्या रात्री गावातले कोण उठून गेले, तेवढे लिहून आणा, असे सांगतो.