पाण्याचा पैस

नेवाशाहून समुद्र दोनशे किलोमीटरपेक्षा दूर. तरी या गावाची ओळख समुद्राच्याच कथेने सुरू होते. मंथनातून निघालेले अमृत मोहिनीने येथे वाटले, अशी मोहिनीराजाच्या क्षेत्राची श्रद्धा. पंगतीत शिरलेल्या राहूचे शिर राहुरीला पडले आणि काया कायगावला, असे आसपासची गावे सांगतात. दंतकथा बाजूला ठेवली, तरी समुद्राचा माग येथील मातीत लागतोच. १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेक्कन कॉलेजतर्फे येथे उत्खनन केले. त्यात रोमन व्यापाराबरोबर आलेल्या उभट मद्यकुंभांचे तुकडे मिळाले.

समुद्र आणि नेवासे यांची सांगड आज पुन्हा घालावीशी वाटते, तिचे कारण मात्र वेगळे आहे. बदलत्या हवामानात लहान बेटांवरचे पर्यटन कसे टिकवायचे, ही चर्चा जगभर चालू आहे. मालदीवची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटरभर उंच. तेथील मंत्रिमंडळाने १७ ऑक्टोबर २००९ रोजी पाण्याखाली बैठक घेऊन जगाचे लक्ष वेधले होते. आपण अशा बातम्या लांबच्या म्हणून वाचतो. पण बेटे आणि किनारा नेवासे तालुक्याच्या अंगणातही आहेत. जायकवाडी धरणाचा फुगवटा प्रवरासंगमापर्यंत येतो आणि नाथसागरात लहानमोठी बेटे आहेत.

या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे लोकार्पण केले. साठवण सुमारे १०२ टीएमसी, पाण्याचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर. या दोन आकड्यांचा भागाकार केला तर सरासरी खोली आठ मीटरांच्या आसपास येते. एवढे पसरट पाणी थोडे उतरले, तरी काठ दूर सरकतो. समुद्राची पातळी दशकांच्या हिशेबाने चढते. नाथसागराचा किनारा दर वर्षी जागा बदलतो. पाणी ओसरले की उघड्या जमिनीवर गाळपेर होते, आणि काल ज्याला बेट म्हणत होतो तेथे गुरे चालत जातात.

पाण्याची ही लहर नवी नाही. नेवाशाची जोर्वे संस्कृतीची वस्ती इ.स.पूर्व १००० च्या सुमारास उठली आणि पुढे काही शतके हे ठिकाण ओस राहिले. दख्खनमधील अशा अनेक वस्त्या उठण्यामागे वाढते अवर्षण असावे, असे म. के. ढवळीकरांनी इनामगावच्या पुराव्यावरून मांडले. हे मत सर्वांना मान्य नाही, पण पाणी हटले की गाव हटते, एवढे त्यातून घेता येते.

गाव न हलवता पाण्याची लहर सांभाळायचा एक उपाय पूर्वजांनी शोधला होता. तो म्हणजे घाट. टोक्याला सिद्धेश्वराच्या पेशवेकालीन देवळाशी उभे राहिले की तो ध्यानात येतो. पायऱ्या पाण्याची एक रेषा धरून बांधलेल्या नसतात. वैशाखात खालची पायरी, श्रावणात वरची. यात्रेकरू पाण्यामागे जातो आणि देऊळ पुरापासून उंचावर राहते. पाणी जेवढ्या पट्ट्यात वरखाली होईल, तो सगळा पट्टा घाटाने आधीच हिशेबात धरलेला असतो. आजचे पर्यटन आराखडे मला येथेच तोकडे वाटतात. भरलेल्या धरणाचे छायाचित्र समोर ठेवून धक्का, उपाहारगृह आणि नौकाविहार यांच्या जागा ठरतात. मग पाणी उतरते आणि धक्का चिखलात उभा राहतो.

पुढे ही ओढाताण वाढणार. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. नाथसागराने दोन्ही टोके पाहिली आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये सुमारे अडीच लाख क्युसेक विसर्ग सोडावा लागला आणि पैठण पाण्यात गेले. २०१६ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपला होता. तुटीच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद नेवासकरांना पाठ आहे. अशा वर्षी नौकाविहारासाठी पाणी राखा, असे कोण म्हणेल?

बेटांचा पहिला हक्कदार तर पर्यटक नाहीच. १९८६ पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. रोहित आणि चक्रवाक येथे हिवाळ्यात उतरतात. नदी सुरय उन्हाळ्यात उघड्या वाळूवर अंडी घालते. भोवतीचे पाणी आटले की कुत्री आणि माणसे तेथवर पोचतात. अवकाळी लोंढा आला तर अंडी वाहून जातात. म्हणून विणीच्या काळात बेटांवर पाऊल नको. निरीक्षण काठावरून व्हावे, धक्के तरंगते असावेत, पक्की बांधकामे पूररेषेच्या वर असावीत. हंगामाचे वेळापत्रक सरकारी सुट्ट्यांपेक्षा धरणाच्या पातळीवर ठरावे. नाव वल्हवणाऱ्याला आणि दुर्बीण घेऊन वाट दाखवणाऱ्या गावच्या पोराला कोरड्या वर्षीही काम हवे. नेवाशाचा पैस खांब, टोक्याचे घाट आणि उत्खननाचे टेकाड यांची सहल बेटांच्या सहलीला जोडली, तर पाणी नसतानाही पाहुणा येईल.

ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली, असे परंपरा मानते, त्याला येथे ‘पैस’ म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ऐसपैस जागा. पाण्याला त्याचा पैस द्यावा आणि उरलेल्या जागेत आपला प्रपंच मांडावा, ही घाट बांधणाऱ्यांची रीत होती. नाथसागराच्या पुढच्या आराखड्यावर सही होण्यापूर्वी संबंधितांनी एकदा भर उन्हाळ्यात टोक्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरून जावे.