स्थूलता : भारतीय निदाननिकष व दैनंदिन वैद्यकीय उपचार

शरीरातील मेद वाढून आरोग्यास बाधा येऊ लागते, त्या स्थितीस स्थूलता किंवा लठ्ठपणा म्हणतात. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून मिळणारा, बीएमआय या नावाने परिचित असलेला निर्देशांक हे तिचे प्रचलित माप होय. मेद किती आहे व तो कोठे साठला आहे, हे मात्र या मापातून कळत नाही.

ही उणीव भारतीयांच्या बाबतीत किती गंभीर आहे, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले; दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु मेदाचे प्रमाण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. मेदाच्या या अधिक प्रमाणाची मुळे गर्भावस्थेपर्यंत जातात. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासात असे आढळले, की तेथील नवजात बालके इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांपेक्षा वजनाने सुमारे ८०० ग्रॅमनी कमी असली, तरी पाठीच्या त्वचेखालील मेद त्यांच्यात बव्हंशी टिकून होता. घट झाली होती ती प्रामुख्याने स्नायूंत व पोटातील अवयवांत. यात आनुवंशिकतेचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये निर्देशांकाच्या जुन्या मर्यादा कायम ठेवून आशियाई लोकांसाठी २३ व २७.५ हे अधिकचे टप्पे सुचविले. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ मधील सहमतीनुसार २३ पासून जादा वजन व २५ पासून स्थूलता मानली जाते, तर कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंमी. व स्त्रियांसाठी ८० सेंमी. आहे. हा घेर सर्वांत खालची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर मोजतात.

मधुमेहपूर्व अवस्थेतील भारतीयांवर झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार व व्यायामातील बदलांमुळे मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात फारशी घट झालेली नसताना. केवळ वजनकाट्यावरून उपचाराचे यश ठरवणाऱ्या वैद्यकांनी हा निष्कर्ष विशेष लक्षात घ्यावा असा आहे.

सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड ही औषधे वजन घटविण्यासाठी भारतात २०२५ पासून उपलब्ध आहेत. निवडक रुग्णांवर जठराची शस्त्रक्रिया करतात.

कंबर मोजण्यास एक साधी टेप पुरते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रापासून खासगी दवाखान्यापर्यंत प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या केसपेपरवर रक्तदाबाबरोबरच कंबरेच्या घेराचीही नोंद होणे आवश्यक आहे.