वॅटांचा हिशेब आणि गंगूबाईंचा खर्ज

गोव्यातल्या देवळांच्या उत्सवांत आज ध्वनिक्षेपकाशिवाय पानही हलत नाही. नाटक असो, भजन असो, आधी भले मोठे खोके येऊन पडतात आणि मागाहून कलाकार. पण आपल्या संगीत रंगभूमीचा पाया ज्या काळात घातला गेला, त्या काळात यातले काहीच नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगमंचावर आणले, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे ते नटाच्या छातीतल्या हवेवर. हे अण्णासाहेब मूळचे बेळगाव प्रांतातल्या गुर्लहोसूरचे. म्हणजे मराठी संगीत नाटकाची नाळ आज कर्नाटकात असलेल्या मुलखाशी जोडलेली आहे, हे आपण विसरतो.

त्याच मुलखात, हुबळी-धारवाडच्या आसपास, गळ्यांची जणू खाणच लागली. कुंदगोळचे सवाई गंधर्व, धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर, गदगचे भीमसेन जोशी आणि हुबळीच्या गंगूबाई हनगल. गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज रुंद, जवळजवळ पुरुषी झाला, आणि तोच पुढे त्यांची ओळख ठरला.

असा आवाज यंत्रातून घरी आणायचा म्हणजे काय, याचाही एक इतिहास आहे. जुन्या ग्रामोफोनला वीज नव्हतीच. सुईची बारीक थरथर भोंग्यातून खोलीभर पसरायची. विजेवर चालणारा आजच्या धाटणीचा स्पीकर अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. पुढे घरोघरी व्हॉल्व्हचे रेडिओ आले. ८ जानेवारी १९५० रोजी धारवाडला आकाशवाणी सुरू झाली, तेव्हा घरातल्या रेडिओची ताकद असायची जेमतेम तीन-चार वॅट. तरीही ओसरीवर लावलेले गाणे अंगणात ऐकू यायचे! कारण त्या स्पीकरचा कागदी पडदा हलका होता. थोड्या विजेत तो पुष्कळ बोलायचा.

मग हे बिघडले कुठे? बिघडले नाही, सौदा बदलला. १९४६ मध्ये पॉल क्लिप्श यांनी खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा अजस्र भोंगा-स्पीकर काढला. थोड्या वॅटांत तो घर दणाणून सोडायचा. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी उलटी वाट धरली. छोट्या बंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला, पण त्यासाठी ॲम्प्लिफायरला जास्त राबावे लागले. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वीज, या तिन्हींपैकी दोनच पदरात पडतात. तिसऱ्यावर पाणी सोडावे लागते. पुढची सारी स्पीकरविद्या या चौकटीतच फिरली.

हे सारे आठवायचे कारण तारिहाळ. हुबळीच्या या औद्योगिक वसाहतीजवळ माझ्या बायकोचे मावसभाऊ राहतात. त्यांच्या दिवाणखान्यात कमरेएवढे उंच, जमिनीवर उभे राहणारे दोन स्पीकर आणि होम थिएटरचा मध्यम ताकदीचा रिसीव्हर. मावशी ऐंशी ओलांडलेल्या, कानांनी थोड्या मंद. त्यांच्यासाठी भावजी आवाज वाढवायचे आणि गाणे किंचाळू लागायचे. एकदा मावशी माझ्यापाशी म्हणाल्या, "गंगूबाई अशा नव्हत्या रे गात." त्यांनी बाईंना समोर बसून ऐकलेले. दुकानदाराने सल्ला दिला होता की दुप्पट ताकदीचा रिसीव्हर घ्या.

आम्ही आधी कागदावर हिशेब केला. स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबल, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर एवढा आवाज. मावशींची खुर्ची तीन मीटरवर. तिथे सरासरी ८० डेसिबल पोचवायला एका स्पीकरला दीडेक वॅट पुरे! पण समेवर येताना किंवा तान सुटताना आवाज क्षणभर १५ डेसिबलने उसळतो, आणि त्या क्षणाला तीसपट, म्हणजे ४५-५० वॅट लागतात. खोलीच्या भिंती आणि दुसरा स्पीकर थोडा भार हलका करतात. दुप्पट ताकदीने मिळाले असते फक्त तीन डेसिबल, कानाला जेमतेम जाणवतील एवढे. तेवढ्यासाठी भावजींची निवृत्तीची पुंजी मोडायची?

खरे दुखणे वेगळे होते. रिसीव्हरवर छापलेले वॅट दोनच वाहिन्या चालवून मोजलेले असतात. पाचही चालल्या की प्रत्येकीच्या वाट्याला कमी येते. त्यात या उंच स्पीकरचा रोध खालच्या सुरांत आठ ओमवरून चारच्या जवळ उतरणारा, म्हणजे प्रवाहाची ओढ दुप्पट. रिसीव्हर धापा टाकू लागला की ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात. तीच ती किंचाळी, आणि वरच्या सुरांचा नाजूक स्पीकर जळतो तोही त्यातूनच.

मग गाण्यासाठी दोनच वाहिन्या ठेवल्या. रिसीव्हरमध्ये उंच स्पीकर 'लहान' म्हणून नोंदवले आणि ८० हर्ट्झखालचा भार घरातच असलेल्या सबवूफरवर टाकला, कारण त्याला स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. गाणारा गळा बहुतेक त्याच्या वरच फिरतो, त्यामुळे बाईंच्या आवाजाला धक्का लागला नाही. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, मागे जाड पडदा लावला आणि मावशींची खुर्ची एक मीटर जवळ आणली. त्या एका मीटरने साडेतीन डेसिबल दिले, तेही फुकट! मावशींनी डोळे मिटले आणि मांडीवर ठेका धरला. आवाज वाढवा, असे मात्र म्हणाल्या नाहीत.

आपल्याकडेही फ्लॅटच्या गुळगुळीत फरशीवर आणि उघड्या भिंतींत हीच गत होते. तेव्हा नवे स्पीकर घेणार असाल तर वॅटांच्या आधी संवेदनशीलतेचा आकडा विचारा. ९० किंवा त्याहून वर असेल आणि रोध चार ओमच्या फार खाली जात नसेल, तर साधा रिसीव्हरही सुखाने नांदतो. सिनेमातले स्फोट थिएटरसारखे दणकवायचे असतील तर गोष्ट वेगळी. पण गाणे ऐकायचे असेल, तर आपल्या थोरांनी वीज नसताना शेवटची रांग गाठली होती, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.