जैववैद्यकीय विज्ञान: शिक्षण आणि व्यवसायसंधी (भारत)

जैववैद्यकीय विज्ञान ही मानवी शरीराचे कार्य, त्यातील बिघाड आणि रोगांची कारणे यांचा प्रयोगशाळेच्या आधारे अभ्यास करणारी विज्ञानशाखा होय. शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, पेशीविज्ञान, आनुवंशिकी, सूक्ष्मजीवशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र हे तिचे प्रमुख घटकविषय आहेत. भारतात हा विषय बी.एस्सी. व एम.एस्सी. या स्तरांवर शिकविला जातो. ही पदवी विज्ञानाची आहे. ती रुग्णावर उपचार करण्याचा परवाना देत नाही. या एका गोष्टीवर पदवीनंतरचे बहुतेक पर्याय अवलंबून असतात.

नामसाधर्म्य आणि भेद

'बायोमेडिकल' हा शब्द भारतात अनेक अभ्यासक्रमांच्या नावांत आढळतो. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी गोंधळ होतो. पुढील अभ्यासक्रम परस्परांहून भिन्न आहेत.

जैववैद्यकीय अभियांत्रिकी ही अभियांत्रिकीची शाखा असून तिचा भर वैद्यकीय उपकरणांची रचना, संकेतप्रक्रिया व देखभाल यांवर असतो. १२ वीला गणित घेतलेल्या विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांतून तेथे प्रवेश मिळतो.

वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान हा रुग्णालयातील रक्त, लघवी, ऊती इत्यादींच्या चाचण्या करण्याचे प्रत्यक्ष प्रशिक्षण देणारा अभ्यासक्रम आहे. डी.एम.एल.टी. ही पदविका, बी.एस्सी. एम.एल.टी. ही पदवी आणि नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाची बी.पी.एम.टी. ही पदवी या गटात मोडतात.

जैवतंत्रज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय जैववैद्यकीय विज्ञानाला सर्वांत जवळचे आहेत. मात्र वनस्पती, शेती, किण्वन, पर्यावरण असे मानवी शरीराबाहेरचे विषयही त्यांत येतात.

काही अभिमत विद्यापीठांत 'बायोमेडिकल सायन्सेस' हे एका संपूर्ण विभागाचे नाव असते. त्या विभागात शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञान, डायलिसिस तंत्रज्ञान असे अभ्यासक्रम चालतात. म्हणून केवळ नाव न पाहता अभ्यासक्रमाची विषयपत्रिका पाहणे आवश्यक ठरते.

पदवी अभ्यासक्रम

दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत बी.एस्सी. (ऑनर्स) बायोमेडिकल सायन्स हा अभ्यासक्रम आहे. २०२२ पासून त्या विद्यापीठातील पदवी प्रवेश सी.यू.ई.टी. या सामायिक परीक्षेद्वारे होतात. बी.एस्सी. साठी नीट या परीक्षेची आवश्यकता नसते. महाराष्ट्रात या नावाची स्वतंत्र पदवी देणारी महाविद्यालये मोजकी आहेत. येथील विद्यार्थी बहुधा सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा जीवविज्ञाने यांपैकी एखादा विषय घेऊन त्याच क्षेत्रात पोहोचतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या जैवमाहितीशास्त्र व जैवतंत्रज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा एकात्मिक एम.एस्सी. अभ्यासक्रम आणि पुण्यातील आयसर या संस्थेचा (स्थापना २००६) पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम हे १२ वी नंतरचे दोन महत्त्वाचे पर्याय आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवीची व्यवस्था आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी एम.एस्सी. न करताही पीएच.डी. प्रवेशास पात्र ठरू शकतो. राखीव प्रवर्गांना या अटीत सवलत आहे.

वैद्यक शिक्षणाशी संबंध

एम.बी.बी.एस. ला प्रवेश न मिळालेले अनेक विद्यार्थी या शाखेकडे वळतात. पुढे या पदवीच्या आधारे वैद्यकशिक्षणात वरच्या वर्षाला प्रवेश मिळेल, असा समज त्यांच्यात व पालकांत आढळतो. भारतात अशी सोय नाही. बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्यालाही नीट देऊन पहिल्या वर्षापासून आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. नीटसाठी असलेली कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे हा मार्ग खुला राहिला. परंतु पदवीची वर्षे त्यातून वजा होत नाहीत. ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी चार वर्षांचा वैद्यक अभ्यासक्रम काही विद्यापीठांत आहे. परदेशी संकेतस्थळांवरील माहिती भारतालाही लागू आहे असे मानल्याने हा गैरसमज वाढतो.

वैद्यक महाविद्यालयांतच शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र या विषयांत तीन वर्षांचा वैद्यकीय एम.एस्सी. अभ्यासक्रम चालतो. तो केलेल्या व पीएच.डी. मिळविलेल्या अध्यापकांना वैद्यक महाविद्यालयांत किती प्रमाणात नेमावे, याविषयीचे राष्ट्रीय नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले. हे प्रमाण २०२० मध्ये घटविण्यात आले, तर २०२५ च्या नियमांत पुन्हा वाव देण्यात आला. अध्यापनाच्या हेतूने ही वाट निवडणाऱ्याने प्रवेशाच्या वेळचे नियम पाहणे इष्ट होय.

नोंदणी, स्वाक्षरी आणि पदनाम

रुग्णालयीन प्रयोगशाळेत काम करण्यासाठी केवळ विषयाचे ज्ञान पुरेसे नसते. कायद्याने मान्य केलेली अर्हता लागते. औषध नियमांनुसार रक्तकेंद्रातील तंत्रज्ञासाठी वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानातील पदवी किंवा पदविका आणि त्यासोबत ठरावीक अनुभव आवश्यक आहे. विकृतिशास्त्रीय प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकाचीच स्वाक्षरी हवी, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केली. पुढे केंद्रीय नियमांत काही फेरबदल झाले, तरी निव्वळ बी.एस्सी. पदवीधारकाला अहवाल प्रमाणित करण्याचा अधिकार मिळालेला नाही.

संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत वैद्यकीय प्रयोगशाळा व जीवविज्ञाने हा गट असून त्यात जैवतंत्रज्ञ, पेशी-आनुवंशिकीतज्ज्ञ, भ्रूणतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ इत्यादी व्यवसायांचा समावेश आहे. कायद्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण अपेक्षित आहे. राज्य व केंद्र पातळीवर नोंदवह्या ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. त्यामुळे एखादा अभ्यासक्रम या नोंदणीस पात्र आहे किंवा नाही, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे.

सरकारी पदांच्या बाबतीत पदवीवरील विषयाचे नावही निर्णायक ठरते. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या अर्हतेत जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र या पदव्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जैववैद्यकीय विज्ञानाचा नाही. औषध निरीक्षकाच्या पदासाठी औषधनिर्माणशास्त्राची पदवी अथवा विशिष्ट विषयांतील विशेषज्ञतेसह वैद्यकाची पदवी लागते. अभ्यासलेले विषय बरेचसे समान असूनही केवळ पदवीच्या नावामुळे उमेदवार अपात्र ठरण्याचा धोका येथे असतो. एम.एस्सी. प्रवेशातही काही विद्यापीठे पदवीला तोच विषय असण्याची अट घालतात.

संशोधन

जैववैद्यकीय विज्ञानाचे मूळ कार्यक्षेत्र संशोधन हे आहे. एम.एस्सी. साठी आय.आय.टी. व भारतीय विज्ञान संस्थेकडे नेणारी जॅम, जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी आणि विद्यापीठांच्या स्वतंत्र परीक्षा घेतल्या जातात. पीएच.डी. साठी सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेटची जीवविज्ञाने ही प्रश्नपत्रिका आणि गेट या प्रमुख परीक्षा होत. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये असून दोन वर्षांनंतर वरिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ४२,००० रुपये मिळते. पीएच.डी. ला साधारणपणे पाच वर्षे लागतात. त्यानंतर कायम पद मिळेपर्यंत बहुतेकांना पदोत्तर संशोधनाच्या मुदतीच्या नेमणुकांवर काम करावे लागते. या मार्गाचा विचार करताना कुटुंबाची आर्थिक स्थिती विचारात घ्यावी लागते ती याच कारणाने.

महाराष्ट्रात या क्षेत्रातील जुन्या व मोठ्या संस्था आहेत. मुंबईत १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली संस्था १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र या नावाने स्थापन झाली. क्यासनूर वनज्वराचा विषाणू १९५७ मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी ओळखला, तर जानेवारी २०२० मध्ये भारतातील पहिल्या कोविड रुग्णाच्या नमुन्याचे निदान याच संस्थेत झाले. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था, परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आणि राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था येथेही पीएच.डी. वा प्रकल्पाधारित काम करता येते. प्रकल्प साहाय्यकाची नेमणूक हंगामी असली तरी पीएच.डी. पूर्वी अनुभव मिळविण्यासाठी ती उपयुक्त ठरते.

या वाटेचे मराठी वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे पुण्यात जन्मलेल्या शास्त्रज्ञ कमल रणदिवे (१९१७–२००१). मुलीने वैद्यक शिकावे अशी त्यांच्या वडिलांची इच्छा होती. त्यांनी मात्र फर्ग्युसन महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळविली. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना १९४९ मध्ये मिळाली. मुंबईतील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि स्तनाच्या कर्करोगावर मूलभूत काम केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. वैद्यकाची पदवी नसतानाही वैद्यकाला उपयुक्त काम आयुष्यभर करता येते, हे त्यांच्या कारकिर्दीतून दिसते.

उद्योग आणि इतर क्षेत्रे

औषध व लस उद्योगात संशोधन, गुणवत्ता नियंत्रण, गुणवत्ता हमी आणि नियामक व्यवहार या विभागांत जीवविज्ञानाच्या पदवीधरांना काम मिळते. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही लसनिर्मितीतील मोठी कंपनी आहे.

औषधांच्या मानवी चाचण्या हे दुसरे क्षेत्र होय. भारतात नव्या औषधांच्या चाचण्या २०१९ च्या नियमांनुसार चालतात आणि २००९ पासून त्यांची सार्वजनिक नोंद बंधनकारक आहे. या कामात चाचणी समन्वयक, माहिती व्यवस्थापक, देखरेख अधिकारी अशी पदे असतात. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारे औषधदक्षता हेही याच्याशी निगडित काम आहे. यांसाठी अल्पमुदतीचे अनेक खासगी प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतात; त्यांची फी व प्रत्यक्ष मिळणारी नोकरी यांत मोठी तफावत असू शकते.

जैवमाहितीशास्त्रासाठी संगणकीय भाषा व संख्याशास्त्र यांची जोड लागते. वैद्यकीय लेखनासाठी इंग्रजी लेखनकौशल्य आवश्यक असते. पेटंट कायदा १९७० नुसार विज्ञानाचा पदवीधर पात्रतापरीक्षा उत्तीर्ण होऊन पेटंट प्रतिनिधी होऊ शकतो. वंध्यत्व उपचार केंद्रांतील भ्रूणतज्ज्ञाची अर्हता साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ व त्याखालील नियमांनी ठरवून दिली आहे. बी.एड. करून शाळेत विज्ञान शिकविणे आणि पदवीच्या आधारे लोकसेवा आयोगाच्या परीक्षा देणे हे पर्यायही खुले राहतात.

परदेशातील स्थिती

ब्रिटनमध्ये 'बायोमेडिकल सायंटिस्ट' हे कायद्याने संरक्षित पदनाम आहे. ते वापरण्यासाठी आरोग्य व निगा व्यवसाय परिषदेकडे नोंदणी लागते. १९१२ मध्ये आरंभ झालेली तेथील व्यावसायिक संस्था पदव्यांना मान्यता देते आणि प्रयोगशाळेतील प्रशिक्षणानंतर क्षमता प्रमाणपत्र देते. भारतीय पदवीधारकाचे शिक्षण त्या निकषांवर स्वतंत्रपणे तपासले जाते. अमेरिकेत रुग्णालयीन प्रयोगशाळेसाठी वेगळे प्रमाणन आहे आणि काही राज्यांत परवानाही लागतो. परदेशातील एम.एस्सी. पदवी आणि तेथे व्यवसाय करण्याची नोंदणी या दोन वेगळ्या बाबी आहेत. कर्ज काढून जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा फरक विशेष महत्त्वाचा आहे.

निवडीचे निकष

अभ्यासक्रम निवडताना पुढील बाबी तपासल्या जातात: पदवी तीन वर्षांची आहे की चार, प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष कामाचे तास किती, अंतिम वर्षात संशोधनप्रकल्प आहे किंवा नाही, या पदवीवर कोणत्या एम.एस्सी. अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो. आणि ती कोणत्या नोंदणीस अथवा सरकारी पदास पात्र धरली जाते. रुग्णालयीन प्रयोगशाळेत लवकर नोकरी हवी असणाऱ्यास वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान अधिक थेट मार्ग ठरतो. रोग कसा होतो याचे कुतूहल असणाऱ्यास व एम.एस्सी. पर्यंत शिकण्याची तयारी असणाऱ्यास जैववैद्यकीय विज्ञान योग्य ठरते. डॉक्टर होण्याचीच इच्छा असणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही पदवी नीटला पर्याय नव्हे.