मधला माणूस : जोतीरावांच्या नाटकापासून आपल्या पोरांच्या वह्यांपर्यंत

आपल्या वारंगा फाट्याच्या आसपास लिहिणारी पोरं-पोरी वाढलीत, ही चांगली गोष्ट आहे. कुणाची कादंबरी वहीत आहे, कुणाची वेबसिरीजची पटकथा मोबाईलमध्ये. सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच: "सर, पुण्या-मुंबईत ओळखीचा एजंट आहे का कुणी?"

एजंट म्हटलं की आपल्याला एलआयसीचा आठवतो, नाहीतर आरटीओच्या दारातला. लेखकाचा एजंट वेगळा. लंडनमध्ये १८८० च्या सुमारास ए. पी. वॉट या गृहस्थानं हा धंदा रीतसर उभा केला. लेखकाचं हस्तलिखित प्रकाशकाकडे न्यायचं, भाव ठरवायचा आणि लेखकाला पैसे मिळाले की त्यातले दहा टक्के घ्यायचे. किपलिंग, कॉनन डॉईल त्याच्याकडे होते.

मराठीत हा धंदा फारसा रुजला नाही. हिशोब करून बघा. हजार प्रती, किंमत दोनशे, रॉयल्टी दहा टक्के धरली, तर सगळ्या प्रती खपल्यावर लेखकाला मिळणार वीस हजार. त्यात एजंटाचे दोन हजार. तेवढ्यासाठी कोण हेलपाटे मारील?

पण मधला माणूस मराठीतही कायम लागत आला. तो नसला की काय होतं, ते बघायचं तर थेट १८५५ ला जावं लागतं.

त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. चांगल्या मराठी पुस्तकांना बक्षीस देणारी ही सरकारी कमिटी. नाटकात एक जोशी गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, आणि शेवटी ते नवरा-बायको शिकायला निघतात. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं जोतीरावांनीच पुढं 'गुलामगिरी'त (१८७३) लिहून ठेवलंय. ज्यांच्यावर नाटक, त्यांच्याच हातात निकाल! आणि आत बसून लेखकाची बाजू शेवटपर्यंत लावून धरणारा कुणी नाही. ते नाटक छापून लोकांसमोर आलं १९७९ मध्ये. म्हणजे १२४ वर्षांनी.

आता उलटं उदाहरण. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. आईची गाणी कागदावर उतरलेली होती, ती त्यानं आचार्य अत्र्यांना दाखवली. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आली. मुलगा नसता, किंवा त्याची अत्र्यांपर्यंत पोच नसती, तर? अशा किती बहिणाबाई आपल्या जात्यांवरच संपल्या असतील.

पुढं हे काम संपादकांनी केलं. मुंबईत 'सत्यकथे'तून श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांनी कितीतरी लेखक घडवले. एकेका कथेवर ते लेखकाबरोबर मेहनत घेत, हे मान्यच करायला हवं. पण दार एकच आणि आवडही एका वर्तुळाची, म्हणून बाहेर राहिलेल्यांचा राग साठत गेला. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला, तो याच रागातून.

राग योग्य होता, पण नुसत्या रागानं पुस्तकं छापली जात नाहीत. म्हणून मला त्या काळातलं आपल्या मराठवाड्यातलं काम मोठं वाटतं. औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं, आणि ते एक-दोन वर्षं नाही, पुढं आयुष्यभर. ज्यांना कुणी ओळखत नव्हतं अशा दलित लेखकांना तिथं जागा मिळाली. ओळखीचा माणूस सापडत नाही म्हणून ते थांबले नाहीत. ते स्वतःच मधला माणूस झाले.

म्हणून पोरांनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, जो आधी पैसे मागतो तो एजंट नाही. खरा एजंट तुम्ही कमावल्यावर वाटा घेतो. "इतके भरा, पुस्तक काढतो, पुरस्कारही देतो" म्हणणारा तुम्हाला गिऱ्हाईक समजतो, लेखक नाही.

दोन, तोंडी काही देऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं हक्क लेखीच द्यावे लागतात, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. पटकथा कुणाला पाठवायच्या आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ती नोंदवून घ्या. ऑनलाइन होतं, मुंबईला जायची गरज नाही.

तीन, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्याच पुस्तकासाठी आहे. जाहिरात निघते तेव्हा लक्ष ठेवा. तिथं ओळख लागत नाही, हस्तलिखित लागतं.

आणि आपल्यासारख्या मोठ्यांसाठी एक. नांदेड, हिंगोली, हदगाव, तिन्हीकडचे रस्ते आपल्या फाट्यावर मिळतात. महिन्यातून एका रविवारी या तिन्हीकडची लिहिणारी पोरं इथं एकत्र बसवून त्यांचं ऐकून घेणं, चांगलं असेल ते संपादकाच्या पत्त्यावर पाठवणं, याला काय लागतं? एक खोली, चहा आणि दोन-चार वाचणारी माणसं. खोली कोण देतं, तेवढं कमेंटमध्ये सांगा. वाचायला मी येतो.