दादागिरी (बालवयातील)

एखाद्या मुलाला त्याच्यापेक्षा वरचढ मुलाने किंवा टोळक्याने मुद्दाम, पुन्हापुन्हा दिलेला त्रास. मारणे, पैसे किंवा डबा हिसकावणे, नावे ठेवणे, खेळात न घेणे हे सारे त्यात येते. आता व्हॉट्सॲपवरची टवाळीही. १९७०च्या दशकापासून स्कँडिनेव्हियातल्या शाळांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी हेतू, सातत्य आणि बळातली तफावत अशा तीन खुणा ठरवल्या. यांतली सातत्याची खूण ओळखायला सर्वांत अवघड, कारण सातत्य कुणा एका मोठ्या माणसाला दिसतच नाही. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीसारख्या दाट वस्तीत शाळा, शिकवणी आणि घर पायी टप्प्यात असू शकतात. मग तीच पोरे वर्गात, तीच शिकवणीला, तीच गल्लीत. बाईंना फाटलेली वही दिसते, आईला सकाळची पोटदुखी, दुकानदाराला उगाच लांबच्या बोळाने जाणारे पोर. प्रत्येकाचे कारण साधेही असू शकते. एकटी खूण पुरावा नव्हे. खुणा जोडाव्या लागतात.

‘पोरे खोड्या करणारच’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. पण खोडीत पाळी बदलते आणि ‘बास’ म्हटले की ती थांबते; दादागिरीत पाळी एकाचीच. शिवाय तिला हात उगारावाच लागतो असे नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकरांना शिक्षकांनी फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागचे आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुले ते हलवायला धावली. त्या मुलांचे बळ दंडात नव्हते, जातीत होते. थोराड, दांडगट पोर शोधत बसणाऱ्याच्या नजरेतून असा छळ निसटतो.

‘सोसल्याने मूल कणखर होते’ हे म्हणणे मात्र पुराव्यापुढे टिकत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा मागोवा घेतला गेला. ७व्या आणि ११व्या वर्षी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये ४५व्या वर्षीही नैराश्याचे प्रमाण जास्त असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. ही मुले मुळातच नाजूक असतील, ही शंका रास्त. पण त्यांच्या लहानपणच्या भावनिक अडचणी आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही फरक उरला.

मूल आपणहून सांगेल ही अपेक्षाही फोल: ‘चुगलखोर’ हा शिक्का त्याला माराइतकाच नकोसा असतो. ‘कुणी त्रास देतं का?’ याला उत्तर ‘नाही’ असेच येते; ‘डबा कुणाबरोबर खातोस?’ याला पुष्कळदा खरे येते.